बाजारातलं कापड

परळ, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी, शके १८१६ (सन १८९४)

शेवंतीअक्कास,

तुझा नवरा समोर मांडी घालून बसलाय आणि "लिव" म्हणतोय, म्हणून कागद घेतला. आधी त्यांचं लिहितो, मग माझं. नेहमीचाच रिवाज.

"लिव. आमी सगळी खुशाल हाव." लिहिलं. "आयच्या कंबरेचं कळवा. पोरगी कशी हाय ते कळवा. म्हस व्याली काय ते कळवा. नवी कौलं सगळी बसली, का वळचणीकडची ऱ्हायली अजून, ते कळवा." लिहिलं. मग भावोजी बराच वेळ छताकडे बघत बसले. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, दिवसभर शंभर माणसांवर ओरडणारा मुकादम, पण बायकोला काय सांगावं हे सुचायला त्यांना तंबाखूच्या दोन चिमट्या लागतात. शेवटी म्हणाले, "बाकी काय नाय." झालं त्यांचं पत्र.

"येवढंच लिवायचं आनि कागद केवढा घेतलास," म्हणाले. मी म्हटलं, माझ्या श्रीला जागा लागते. तर हसले. वरचा श्री मी काढतो ना, त्याची शेपटी लांब जाते, त्याला ते कोंबड्याचं शेपूट म्हणतात. एक अक्षर वाचता येत नाही, पण गेली इतकी वर्षं माझा टाक चालताना बघत बसतात. पोरं भोवरा बघतात तसे.

आता माझं. कापडाचं मोठ्याने बोलत लिहितो, म्हणजे त्यांच्याही कानावर जाईल. खालच्या वाडीतला माणूस बोटीने जैतापूरला उतरतोय, त्याच्याबरोबर चोळ्यांपुरतं कापड पाठवलंय. बाजारातून घेतलं. चांगलं आहे. कोपऱ्यात डाग आहे, तो पाण्याने जाईल.

भावोजी तंबाखू मळत राहिले.

पुढचं मनात लिहितो. माझा खोकला थंडीचा आहे, काळजी करू नको. गंगुबाईंच्या खानावळीत जेवण ठीक असतं, फक्त आमटीत डाळ शोधावी लागते. आमसुलं पाठव. शिमग्याला आम्ही दोघंही येतोच.

तुझा
लवू

*

परळ
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

हेरंब मास्तर, हे पाकीट मुद्दाम तुमच्या नावावर धाडतोय. हे नेहमीसारखं पडवीत सगळ्यांसमोर वाचू नका. अक्काच्या सासूबाईंची कंबर गेली असेल, कान शाबूत आहेत. अक्का शाळेमागे गोवऱ्या वेचायला येईल तेव्हा तिला थांबवा आणि हळू आवाजात वाचा. मला तीन बुकं तुम्ही शिकवलीत. ती शिकवली नसती तर आज मी सुखात असतो, तेव्हा एवढा त्रास तुम्ही सोसायलाच हवा.

अक्का, आधी कापडाचं सांगतो. ते बाजारातलं नव्हतं. आजवर तुला पाठवलेलं एकही बाजारातलं नव्हतं.

गिरणीत असं असतं. मी विणलेला कापडाचा ताका तपासणीला जातो. तिथे कारकून त्यावर बोट फिरवतो. कुठे सूत तुटून जाळी पडलेली दिसली, कुठे तेलाचा थेंब दिसला, की ताका बाजूला टाकतो. पगाराच्या दिवशी त्याची किंमत माझ्या पगारातून कापतात आणि तो ताका माझ्या काखेत देतात. म्हणजे मी विकत घेतला. तेल त्यांच्या साच्याचं, सूत त्यांचं, आणि गिऱ्हाईक मी! आमच्या खोलीत आठ माणसं निजतात. कोणाच्याही उशाला चाचपून बघ, डागी कापडच लागेल. फेरीवाल्याला द्यावं तर तो निम्म्यानेही घेत नाही. म्हणून मी तुला पाठवतो आणि वर ऐटीत लिहितो, बाजारातून घेतलं.

सूत का तुटतं? बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत कोणाला चांगलं द्यायचं आणि कोणाला ओलसर, कुजकं द्यायचं, हे मुकादम ठरवतो. जो महिन्याला मुकादमाच्या हातावर दस्तुरी ठेवतो त्याला चांगलं सूत मिळतं. जो ठेवत नाही त्याचा धागा दहा वेळा तुटतो.

आमचा मुकादम कोण, हे तुला सांगायला नको.

माझ्याकडून ते दस्तुरी घेत नाहीत. मेव्हण्याकडून कशी घेतील? पण लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सगळ्यात वाईट सूत मलाच देतात. आहे की नाही न्याय? परवा म्हणाले, "तू घरचा हायस, तू समजून घे." मी समजून घेतो. घरचं माणूस म्हणजे समजून घेण्यासाठीच ठेवलेलं असतं.

आता उरलेलंही सांगून टाकतो. खिडक्या उघडू देत नाहीत. वारा लागला की सूत कोरडं पडतं, म्हणून वरून वाफ सोडतात आणि आम्ही आत उकडत राहतो. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागतं, दर वेळी. दिवसभर कापूस गिळायचा आणि रात्री तो खोकायचा. तेव्हा माझा खोकला थंडीचा नाही. रविवारची सुट्टी मिळाली म्हणून गावात तू देवीपुढे नारळ फोडला होतास ना? त्यातली अर्धी सुट्टी साचे पुसण्यात जाते. त्या देवीकडे अर्ध्या नारळाचा हिशेब माग.

मी दमलोय गं अक्का. रागावायचीसुद्धा ताकद नाही. राग यायला माणूस जरा जेवलेला, झोपलेला लागतो.

पण साचेखात्यातले बाकीचे रागावलेत. माझ्या शेजारच्या साच्यावर आनंदा म्हणून आहे, देवरुखकडचा. डिलाईल रोडवर बायको, आई आणि पोरं घेऊन राहतो. तो आणि आणखी काही जण माझ्याकडे आले. म्हणाले, शेटला अर्ज करू. कुजकं सूत देऊन वर कापड आमच्या अंगावर घालू नका, एवढंच मागू. दस्तुरीचंही त्यात लिहू. पण लिहिणार कोण? बाहेरच्या अर्जनवीसाकडे गेलं तर तो दुसऱ्या दिवशी मुकादमालाच बातमी विकेल. साचेखात्यात लिहिता येतं ते मला एकट्याला.

म्हणजे मी माझ्या हाताने भावोजींविरुद्ध लिहायचं.

तुझ्या घरावरची नवी कौलं दस्तुरीची आहेत. हे तुला ठाऊक होतं की नव्हतं, मला माहीत नाही. मला ठाऊक होतं आणि मी दर पत्रात ती बसली का म्हणून विचारत आलो. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि गिरणीत मला चिकटवलं ते भावोजींनी. अर्ज लागला तर त्यांची मुकादमी जाईल. तुझं घर त्यावर चालतं. म्हणून तुला विचारतो. तू नको म्हणालीस तर मी टाक मोडून टाकीन आणि लोकांना सांगेन की मला अर्जाची भाषा येत नाही. मनापासून सांगायचं तर तू नको म्हणावंस असंच वाटतंय. म्हणजे माझी सुटका होईल.

उत्तर मास्तरांकडून लिहून पाठव.

लवू

*

परळ
पौष वद्य तृतीया

अक्का,

उत्तर पोचलं. मास्तरांनी तू बोललीस तसंच उतरवून काढलंय, शब्दही सुधारला नाही. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला.

"तो माझा नवरा हाय, तू माझा भाव. मी तुमच्या दोघांत उभी ऱ्हाऊन काय सांगू? ज्यांच्या उशाला कापड हाय त्यांना इचार. कौलांचं मी बघीन. आधी गवताखाली ऱ्हात हुतो, परत ऱ्हाऊ. आनि कापड बाजारातलं नाय ह्ये मला पयल्या चोळीपासून ठावं हाय. बाजारात डाग इकत न्हाईत."

तू नको म्हणायला हवं होतंस. असो.

लिहिला अर्ज. गेल्या रविवारी साचे पुसून झाल्यावर गंगुबाईंच्या खानावळीत बसलो. भावोजी नातेवाइकांकडे माझगावला गेले होते. मजकूर लिहायला वेळ लागला नाही, आमची सगळ्यांची तोंडपाठ रड होती. अडलं ते अंगठ्यांपाशी. पहिला अंगठा कोणी लावायचा? मागे एका गिरणीत असाच अर्ज गेला होता, तेव्हा सगळ्यात वर ज्याचा अंगठा होता त्याला पुढारी ठरवून काढला होता. तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. दौत सुकायची वेळ आली.

तेव्हा गंगुबाई आतून थाळी घेऊन आल्या. कागदावर पालथी घातली आणि म्हणाल्या, "हिच्या काठानं लावा. गोलाला ना शेंडा ना बुडखा. काढ म्हनावं कोनाला काढतोस तो!" मला बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. मजकूर मधोमध आणि भोवती काळे अंगठे. गिरणीत तोंड उघडायला घाबरणारी माणसं हसत हसत पुढे आली. एकाने तर दोनदा लावला.

फक्त आनंदाने अंगठा लावला नाही. म्हणाला, "मला नाव येतं, मी नाव लिवनार." गेल्या पावसाळ्यात मीच त्याला कोळशाने फरशीवर नाव गिरवायला शिकवलं होतं. जीभ बाहेर काढून त्याने सावकाश लिहिलं, आनंदा. 'न'वरचं टिंब मोठं पडलं. मग तो कागद लांब धरून बघत बसला.

पाकीट दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं. शेटच्या पेढीवर, शहराच्या जुन्या कोटात.

आता हातून गेलं. खानावळीत भावोजींच्या ताटाला ताट लावून जेवतो तेव्हा त्यांच्याकडे न बघता अर्ध्यातच उठतो. काल त्यांनी मला पाठीला लावायला तेल आणून दिलं, खोकला ऐकवत नाही म्हणाले. अशा वेळी माणसाने वाईट वागावं. ते बरं पडतं.

मास्तर, हेही शाळेमागेच वाचा.

लवू

*

परळ
माघ शुद्ध षष्ठी

अक्का,

आम्ही गाढव आहोत. सगळेच, आणि त्यात मी मोठा.

अर्ज शेटने वाचला की नाही देव जाणे. त्याने तो आमच्या साहेबाकडे परत धाडला, काय ते बघा म्हणून. परवा दुपारी साहेबाने साचे बंद करवले. एवढी शांतता आम्ही त्या खात्यात कधी ऐकली नव्हती, कान दुखायला लागले. साहेब एका फळीवर चढला, कागद वर धरला, आणि कारकून त्याचं बोलणं आम्हाला सांगू लागला. अंगठ्यांचं साहेबाला काही नाही म्हणे. अडाणी माणसं, कोणी सांगितलं म्हणून लावले असतील. त्याला फक्त एकच हवं होतं. हे लिहिलं कोणी?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही अंगठे लपवले. पहिला कोण, शेवटचा कोण, सगळं लपवलं. पण मधलं अक्षर कोणी लपवलंच नाही. आमच्या लोकांना अक्षर म्हणजे अक्षर, ते कोणाच्या तरी हाताचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आणि ज्याच्या यायला हवं होतं तो मी, थाळीचं कौतुक करत बसलो होतो. वर सवयीने शेपटीवाला श्रीसुद्धा काढून ठेवला होता.

साहेबाने भावोजींना पुढे बोलावलं. तुझी माणसं आहेत, तू सांग. भावोजींनी कागद घेतला तो उलटा. कारकुनाने हसून सरळ करून दिला. मग त्यांची नजर वर गेली, श्रीवर, आणि तिथेच थांबली. मी त्यांच्यापासून दोन साच्यांवर उभा होतो. त्यांनी मान वर केली नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण त्यांचा कान लाल झालेला मला दिसला.

मी म्हणणार होतो, मीच. खरंच म्हणणार होतो गं. तोंड उघडलं आणि खोकला आला.

तेवढ्यात भावोजींनी बोट काठावरून फिरवत नेलं आणि एका जागी टेकवलं. सगळे अंगठे, आणि तिथे एकच सही. म्हणाले, "साहेब, अक्षर येतं ते ह्या येकाला. बाकी सगळी अंगठेवाली हायत. हा बगा, नाव लिवलंय."

साहेबाला एक नाव हवं होतं; दोन्ही अक्षरं ताडून बघायची तसदी कोणी घेतली नाही, आनंदाला तिथल्या तिथे काढला. मागचा राहिलेला पगारही दिला नाही. तो काय म्हणणार? नाव तर त्याचंच होतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोक्याचं फडकं झटकून चालू पडला. सगळ्या खात्याला ठाऊक होतं कोणी लिहिलंय. कोणी बोललं नाही, कारण मी मुकादमाचा मेव्हणा. साचे पुन्हा सुरू झाले.

रात्री खानावळीत भावोजींच्या समोर बसलो. मी म्हटलं, "तुम्ही ओळखलंत."

"गुमान जेव."

"मग माझं नाव का नाय सांगितलंत?"

ते भात कालवत राहिले. मला वाटलं आता ताट भिरकावतील. ते मात्र अगदी हळू म्हणाले, "तुज्या बहिनीला काय लिवनार हुतो? आनि लिवून कोनाकडून घेनार हुतो?"

गंगुबाई वाढायला आल्या. माझ्यापुढची थाळी उचलून त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत ठेवली. म्हणाल्या, "ह्याच थाळीनं गोल काढलास ना रे? मग आता आनंदाच्या पोरांना कशात वाढायचं, ते बी सांग."

अक्का, मी गप्प बसलो तर तुझी कौलं राहतात, भावोजींची मुकादमी राहते, माझा साचा राहतो. भावोजींनी मला वाचवलं, हे तर खरंच आहे. मी त्यांच्याविरुद्ध लिहिलं आणि त्यांनी मला वाचवलं. आता मी पुढे झालो तर साहेबाला कळेल की त्यांनी मेव्हण्यासाठी खोटं सांगितलं. या वेळी तुला विचारत नाही. उत्तर यायला पंधरवडा जाईल, आणि खरं तर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणूनच विचारायची भीती वाटते.

लवू

*

डिलाईल रोड
माघ वद्य एकादशी

अक्का,

पत्त्यावरून समजली असशील.

चार दिवस मी साच्यावर उभा राहिलो, आनंदाच्या रिकाम्या साच्याशेजारी. मग तिथे नवा माणूस आला. त्याच संध्याकाळी आनंदा आमच्या चाळीखाली उभा दिसला. मला वाटलं मारायला आलाय. बरं झालं असतं. तो म्हणाला, "कुठं काम हाय काय बघ. सगळे मुकादम इचारतात, अर्जवाला तूच ना?" मग जरा थांबून म्हणाला, "मी नाय सांगत, मी लिवलं नाय म्हनून. लोकांना वाटतं मला येवढं लिवता येतं, तर वाटू दे."

तो ते थट्टेने म्हणाला. हसलासुद्धा. त्याला नाव लिहायला मी शिकवलं होतं अक्का, आणि तो शिकला म्हणून त्याची भाकरी गेली.

सकाळी भोंगा झाल्यावर मी साच्याकडे न जाता साहेबाच्या खोलीकडे गेलो. भावोजी वाटेत आडवे आले. त्यांनी माझा दंड धरला, जोरात. "लवू, नको," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून विनवणी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. मी दंड सोडवून घेतला. हे तुला सांगायलाच हवं. त्यांनी नको म्हटलं होतं आणि मी ऐकलं नाही.

साहेबाला पटेना. कारकून म्हणाला, हा मुकादमाचा नातेवाईक आहे, याला काय पडलंय? मी म्हटलं कागद द्या. टेबलावरचा टाक घेतला आणि श्री काढला. शेपटी वर गेली. कारकुनाने अर्ज शेजारी धरला. मग दोघंही माझ्याकडे आणि नंतर दारात उभ्या असलेल्या भावोजींकडे बघायला लागले.

मला त्याच दिवशी काढलं. आनंदाला परत घेतलं, पण बदली म्हणून, ज्या दिवशी कोणी गैरहजर असेल त्या दिवशी काम. भावोजींची मुकादमी काढून घेतली आणि त्यांना दोन साच्यांवर विणायला उभं केलं. साहेबाशी खोटं बोलणारा मुकादम नको म्हणे. त्यांच्या जागी आणलेला आल्या आल्या दस्तुरी किती ते सांगून मोकळा झाला.

अर्जाचं काय झालं विचारशील. अर्ज पोचला त्या पगाराला कापड कोणाच्या अंगावर घातलं नाही. या पगाराला पुन्हा घातलं. असं आहे.

मी आनंदाच्या घरी राहतो. रविवारी लालबागच्या नाक्यावर पिंपळाच्या पारावर दौत घेऊन बसतो आणि गिरणीवाल्यांची पत्रं लिहून देतो. सगळ्यांचं एकच पत्र असतं, आम्ही खुशाल आहोत. लिहून लिहून हात दुखतो.

तुझं घर मी मोडलं. तू नको म्हणाली नाहीस, तरी मोडायचं काम माझ्याच हाताने झालं. मला तुझी फार आठवण येते, आणि शिमग्याला तोंड दाखवायची हिंमत नाही. तुला राग आला असेल तर मास्तरांकडून चार शब्द तसे लिहून पाठव. न आलेल्या पत्रापेक्षा ते बरं.

लवू

*

लालबाग
फाल्गुन शुद्ध द्वादशी

अक्का,

तुझं पत्र आलं नाही. आमसुलं मात्र आली, माझ्या नावाची वेगळी पुरचुंडी बांधलेली. ती मी उघडली नाही अजून. उशाला ठेवलीय.

आज रविवार. पारावर बसलो होतो. समोर पाच-सहा माणसं ओळीने बसलेली. शेवटचा पुढे सरकला तेव्हा मी नवा कागद घेत होतो, वर बघितलंच नाही. "काय लिहायचं?" म्हटलं.

"लिव. आमी सगळी खुशाल हाव."

भावोजी होते. दाढी वाढलेली, ओठाला सुताचा तंतू चिकटलेला. काखेत कापडाची गुंडाळी होती. परळहून चालत आले होते. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. वाटेत दोन अर्जनवीस लागतात, त्यांना ओलांडून आले.

मी श्री काढला. त्यांनी नेहमीसारखा टाक चालताना बघितला. हसले नाहीत.

"आयच्या कंबरेचं कळवा," म्हणाले. लिहिलं. "म्हशीचं कळवा." लिहिलं. कौलांचं त्यांनी विचारलं नाही. "शिमग्याला येनं जमनार नाय. गिरनीत काम लय हाय." लिहिलं. मग खोकले. सुका खोकला, कापसाचा. त्यांना तो या आधी नव्हता. मुकादमाला धोटा तोंडाला लावावा लागत नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते प्यायले आणि तांब्या माझ्याच बाजूला ठेवला.

बराच वेळ पिंपळाकडे बघत बसले. मला वाटलं आता म्हणणार, बाकी काय नाय. तर त्यांनी ती गुंडाळी मांडीवर घेतली आणि तिचा कोपरा आत दुमडला, मला दिसू नये म्हणून. मला दिसला होता.

"लिव, सोबत कापड पाठवतो. पोरीला परकर व्हईल."

"कुठून घेतलं म्हणून लिहू?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कापडावरून हात फिरवत म्हणाले, "बाजारातून घेतलं. चांगलं हाय. कोपऱ्यात डाग हाय, तो पान्यानं जाईल."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. लिहिण्याचे पैसे पुढे केले ते मी घेतले नाहीत, तर म्हणाले, पुढल्या रविवारी पुन्हा येतो.

मास्तर, हे पत्र पडवीत वाचा. सगळ्यांसमोर, आणि मोठ्याने.

लवू